ताठबाई

‘पाय कशानं गेला?’ असं कुणी विचारलं की द्वारका टिपणीस एका शब्दात उत्तर द्यायची. ‘खेळताना.’

विचारणाऱ्याचं एवढ्यावर भागत नसे. बाईमाणसाचा पाय विहिरीवर घसरून मोडावा, जिन्यावरून पडून मोडावा, फार तर टांगा उलटून मोडावा. ‘खेळताना?’ असा पुन्हा प्रश्न यायचा आणि त्यात थोडं हसू मिसळलेलं असायचं. मग द्वारका चष्मा काढून पदरानं पुसायची, परत लावायची आणि म्हणायची, ‘हो. छान खेळत होते.’

हे वाक्य मी तिच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकलंय. ते म्हणताना तिचा आवाज कधी चढला नाही की कापला नाही. समोरचं माणूसच ओशाळून पावसापाण्याचं काहीतरी बोलायला लागायचं.

आमची ओळख कॉलेजातली. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. ठाण्याला किंवा कल्याणला तेव्हा कॉलेज नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघी मुंबईला जायचो. मी कल्याणहून, पारनाक्यावरून; ती ठाण्याहून. चरईत त्यांच्या दोन खोल्या होत्या. वडील, तात्या टिपणीस, कलेक्टर कचेरीत कारकून. ती माझ्या दोन वर्षं पुढे होती, गणित घेतलेली, आणि गणित घेतलेल्या मुली तेव्हा बोटांवर मोजता यायच्या. तरीही कॉलेजात तिचं नाव झालं होतं ते गणितामुळे नव्हे, रिंगमुळे.

रिंग म्हणजे रबरी कडं. मधे जाळी, दोन्हीकडे एकेक किंवा दोघी-दोघी. पलीकडून आलेली रिंग खाली पडू न देता झेलायची आणि लगेच परत फेकायची. मधल्या सुट्टीत अर्धा-पाऊण तास आम्ही खेळायचो. त्याला ना सामने होते, ना कप-ढाल, ना बघायला कोणी. मुलांना कॉलेजचं अख्खं मैदान होतं. आम्हाला होता लेडीज रूमच्या मागचा फरसबंद चौक.

द्वारका खेळायला लागली की बाकीच्या मुली डबे तसेच ठेवून बघत बसायच्या. सहावारीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. या बुटांना ती रोज रात्री खडू घासायची. ठाण्याच्या एका बाईनं तिला स्टेशनात विचारलं होतं, ‘अगं, भावाचे बूट घालून आलीस की काय?’ तर ही म्हणाली, ‘मला भाऊ नाही. हे माझेच आहेत.’ अंगानं किडकिडीत, पण रिंग डोक्यावरून निघालेली असली तरी मागे उडी मारून डाव्या हातानं काढायची. काढली की मोठ्यानं हसायची. चौकाच्या वरच्या मजल्यावर स्टाफरूम होती. तिथून एकदा खिडकी दाणकन बंद झाली होती.

त्या चौकाच्या एका कोपऱ्यात गटार होतं आणि त्यावरच्या लोखंडी जाळीच्या दोन पट्ट्या तुटलेल्या होत्या. पाय जाईल एवढी फट पडलेली. जिमखान्याचं काम पाहणाऱ्या प्रोफेसरांना आम्ही तीनदा सांगितलं. ते दर वेळी ‘बघतो’ म्हणाले. शेवटी द्वारकानं स्वतःच कुठूनशी एक फळी आणून त्यावर टाकली. ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी ती फळी तिथे नव्हती. गड्यानं झाडताना उचलून ठेवली असेल. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या दिवशी खेळाच्या जाळीपलीकडे मी होते. रिंग मी फेकलेली. मुद्दाम उंच फेकली, कारण तिनं मागे उडी मारलेली बघायला मला आवडायचं. तिनं मारली. रिंग हातात आली, आणि खाली येताना उजवा पाय त्या फटीत गेला. गुडघा गटाराच्या दगडी काठावर आदळला. सुकलेला नारळ फोडावा तसा आवाज आला. तिनं किंकाळी मारली नाही. बसल्या जागी रिंग वर धरून म्हणाली, ‘झेललीय हं. पॉइंट माझा.’ आणि मग एकदम पांढरी पडली.

गुडघ्याची वाटी फुटली होती. इस्पितळात ऑपरेशन झालं, पुढे जखमेत पू झाला, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा प्लास्टर. पाच महिन्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा पाय राहिला होता, पण गुडघा वाकायचा थांबला तो कायमचा.

मधल्या काळात तात्यांनी कॉलेजला एक पत्र पाठवलं. अगदी मवाळ, कारकुनी पत्र असणार. गटारावरची जाळी तुटलेली होती, वारंवार सांगूनही दुरुस्त झाली नाही, तरी इस्पितळाच्या खर्चाचा काही विचार व्हावा. पत्र आल्यावर जिमखान्याच्या प्रोफेसरांनी आम्हा सात मुलींना बोलावलं. त्यांच्या टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं की चौक सुस्थितीत होता, कु. टिपणीस हिचा पाय स्वतःच्या साडीत अडकला आणि ती तोल जाऊन पडली.

‘नुसती औपचारिकता आहे,’ प्रोफेसर म्हणाले. ‘तुमच्या मैत्रिणीचं यानं काही वाईट होणार नाही.’

चौकातल्या गटारावर तोवर नवी जाळी बसलेली होती, काळा रंग दिलेली. मला कॉलेजात फी माफ होती. त्या माफीच्या अर्जावर दर सहामाहीला याच प्रोफेसरांची शिफारस लागायची. बाकीच्या सहा जणींची काय कारणं होती ते मला माहीत नाही. मी सही केली.

त्यानंतर मी दर रविवारी ठाण्याला जायला लागले. कल्याणहून दुपारची गाडी, तलावपाळीवरून चालत चरई. लोक म्हणायचे, मैत्रीण असावी तर अशी.

ताठ पाय म्हणजे काय, हे मला त्या रविवारांनी शिकवलं. आपल्या घरातलं सगळं जमिनीवर चालतं. जेवण पाटावर, निवडणं-टिपणं जमिनीवर, देवापुढे बसणं जमिनीवर, गप्पा चटईवर. द्वारकाला त्यातलं काहीच जमेना. ती स्वयंपाकघरातल्या फडताळापाशी उभी राहून जेवायची. चाळीच्या संडासासाठी तात्यांनी सुताराकडून खुर्चीला भोक पाडून घेतलं, तर शेजारपाजारचे चाळमालकाकडे तक्रार घेऊन गेले. हळदीकुंकवाला बायका सतरंजीवर गोल करून बसलेल्या आणि ही भिंतीशी एकटीच उभी, वाण घ्यायला खाली बसता येत नाही म्हणून हात पुढे केलेला. शेवटी तिनं एक लाकडी स्टूल पैदा केलं. ठाण्याच्या तुरुंगात कैदी सुतारकाम करायचे, तिथून विकत आणलेलं. ते काखेत मारून ती सगळीकडे जायची. कीर्तनाला, लग्नाला, डॉक्टरकडे. कुणी बघत राहिलं तर म्हणायची, ‘कैद्यांनी केलंय. पक्कं आहे.’

तिची आई, माई, सगळ्यांना ‘जिन्यावरून पडली’ म्हणून सांगायची. ‘खेळताना’ म्हटलं की पुढे शंभर फाटे फुटतात, कुठे, कुणाबरोबर, कशासाठी, असं त्या माउलीचं म्हणणं. द्वारका दर वेळी ते खोडून काढायची, आईच्या तोंडावर, पाहुण्यांसमोर. त्यावरून मायलेकींचं वाजायचं.

‘तुला काय मिळतं गं खरं सांगून?’ माईंनी एकदा माझ्यासमोरच विचारलं.

‘पाय गेलाच आहे,’ द्वारका म्हणाली. ‘तो कसा गेला एवढं तरी माझ्याकडे राहू दे.’

मी चहाचे कप विसळायला आत नेले.

पेणच्या एका घरातून तिला बघायला माणसं आलेली तो दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण माईंनी मला सकाळपासून मदतीला बोलावून घेतलं होतं. मुलगा रेल्वेत होता, पस्तिशीचा, बोलायला बरा. बरोबर त्याची आत्या. माईंनी शेजारून खुर्च्या आणून मांडल्या होत्या आणि द्वारकाला आधीच एका खुर्चीत बसवून ठेवलं होतं, पायावर साडी नीट पसरून. म्हणजे चालणं नको, बसणं नको. पण आत्याबाई मुरलेल्या. सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, ‘बाळ, जरा आतून पाण्याचा तांब्या आण बघू.’

द्वारका उठली. कंपास फिरवावा तसा तिचा पाय बाजूनं फिरून पुढे यायचा. तशी ती आत गेली, तशीच बाहेर आली. तांब्यातलं थेंबभर पाणी सांडलं नाही.

‘पाटावर बसता येतं का?’

‘नाही.’

‘कशानं झालं हे?’

‘जिन्यावरून—’ माई म्हणाल्या.

‘नाही,’ द्वारका म्हणाली. ‘कॉलेजात रिंग खेळताना.’

‘अगंबाई! लग्नाच्या वयाची मुलगी उड्या मारत होती?’

‘हो. आणि चांगल्या मारत होते.’

मुलगा हसला. वाईट नाही हसला. मला क्षणभर वाटलं, जमतंय. त्यानं विचारलं, ‘आता तर खेळावंसं वाटत नाही ना?’

‘रोज वाटतं,’ ती म्हणाली.

ती माणसं पोहे संपवून गेली. चार दिवसांनी कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. त्यानंतर माईंनी तिच्यासाठी स्थळ बघणं सोडलं आणि हळूहळू तिच्याशी बोलणंही सोडलं. दोन वर्षांनी माई गेल्या. अखेरच्या दिवसांत पाणी पाजायला पलंगाशी द्वारकाच असायची, पण बोलणं नाही.

माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. डोंबिवली तेव्हा म्हणजे स्टेशन, चार रस्ते, विहिरी आणि मग मानपाड्याकडे नजर पोचेपर्यंत भातखाचरं. नोकरदार माणसं नुकती येऊन बंगल्या-चाळी बांधत होती. त्यांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली, भाड्याच्या घरात, आणि मी तिथे मराठी शिकवायला लागले. गणिताला कोणी मिळेना तेव्हा मीच द्वारकाचं नाव सुचवलं. तात्याही नुकतेच वारले होते. तिला नोकरी मिळवून दिली की माझ्या मनावरचं काहीतरी उतरेल, असा माझा हिशेब होता.

शाळेत ती ‘टिपणीसबाई’ झाली आणि पंधरा दिवसांत पोरांनी नाव ठेवलं ‘ताठबाई’. ते तिच्या कानावर गेलं. वर्गात शिरल्या शिरल्या तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘ताठ’ असं लिहिलं आणि विचारलं, ‘विरुद्धार्थी शब्द?’ ‘वाकडा,’ तीच म्हणाली. ‘आता पहिलं गणित घ्या.’

मुलं तिला घाबरायची, आणि सुट्टीतही तिच्यामागे असायची. दुसऱ्याचं गणित उतरवलेलं तिला एका नजरेत कळायचं. त्याच्यापुढे चूक-बरोबर काही न करता ती फक्त ‘हे तुझं नाही’ असं लिहायची. रडत आलेल्या मुलाला म्हणायची, ‘आधी खरं सांग, मग रड. दोन्हीला वेळ आहे.’ शिक्षकांना ती जड जायची. हेडमास्तर उशिरा आले तर घड्याळाकडे बघायची. कुणी कौतुक केलं तर ‘मग?’ म्हणायची. आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळे चटईवर बसून डबा खायचे, ही कोपऱ्यात त्या स्टुलावर, आमच्या डोक्यांच्या वर, आणि तिथून मधेच एखादं वाक्य खाली टाकायची. खोटं नसायचं ते, पण घास अडकायचा.

दुसऱ्या वर्षी तिनं हेडमास्तरांना सांगितलं, मुलींना खेळाचा तास हवा. मुलांना होता. मुलींना त्या वेळात शिवण. तेव्हा मी तिथेच होते, हजेरीपट घेऊन उभी. हेडमास्तर तसे भले गृहस्थ, पण कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

‘कोण खेळवणार, टिपणीसबाई?’

‘मी.’

‘तुम्ही?’

‘शिट्टी तोंडानं वाजवायची असते, सर.’

ते हसले. ‘बरं, घ्या. सहावीपासूनच्या मुलींना घ्या. मी बघतो कमिटीचं.’

शाळेमागे एक पडीक खाचर होतं. द्वारकानं मुलींकडून ते साफ करून घेतलं, धोंडे उचलून कडेला लावले, दोन बांबूंमध्ये दोरी ताणली आणि स्वतःच्या ट्रंकेतून एक रिंग आणली. ती कॉलेजातली होती की नवी, मी विचारलं नाही. तास सुरू झाल्यावर ती स्टुलावर बसायची, पाय समोर काठीसारखा, आणि तिथून ओरडायची, ‘अगं, रिंगकडे बघ! पायाकडे बघून कोण झेललंय?’ तिचा आवाज तेव्हा वेगळाच असायचा. मी खिडकीतून ऐकायची.

खाचर रस्त्याला लागून होतं. घोड्यासारख्या वाढलेल्या मुली रस्त्यावरून दिसतील अशा उड्या मारतात, म्हणून पालकांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. सगळ्या आमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या घरांतून. हेडमास्तर चिठ्ठ्या खणात टाकत राहिले.

त्या मुलींमध्ये हिरा म्हात्रे होती, मानपाड्याकडच्या गावातली. त्या गावातून सातवीला आलेली पहिलीच मुलगी. बांधावरून अनवाणी पळत शाळेत यायची आणि रिंग अशी उचलायची की द्वारका स्टुलावरून अर्धी उठायची. एका दुपारी हिरा मागे उडी मारताना कडेच्या धोंड्यांवर पडली आणि तिचा हात मनगटाच्या वर मोडला.

द्वारकानंच तिला टांग्यात घातलं, मांडीवर हात धरला, डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर होते. हिरा रडत होती.

‘आधी खरं सांग. दुखतंय की घाबरलीस?’

‘घाबरले. बा मारल.’

‘तुला नाही मारणार. मला मारायला सांगू आपण,’ द्वारका म्हणाली, आणि ती पोर तशातही हसली.

संध्याकाळी तिचा बाप आला. गोमा म्हात्रे, काळा, उंच, खांद्यावर टॉवेल, बोलण्यात ‘ड’चा ‘र’ करणारा. द्वारका त्याच्यासमोर उभी राहिली. ‘चूक माझी आहे. धोंडे मी कडेला लावून घेतले होते. आणखी लांब टाकायला हवे होते.’

तो तिच्या पायाकडे बघत होता. ‘तुमचा कवा मोरला, बाय?’

‘कॉलेजात. असंच खेळताना.’

‘मंग,’ तो म्हणाला. ‘पोर खेलली, परली. लावनीला चिखलान परत नाय का पोरी? हात जुरल.’ आणि पोरीला खांद्यावर घेऊन गेला.

ज्याची मुलगी पडली त्याची तक्रार नव्हती. तक्रार बाकीच्यांची होती. आठ दिवसांत कमिटी बसली. मुलींचा खेळ बंद झाला. पण तेवढ्यानं भागेना, जबाबदार कोण ते ठरवायला हवं होतं. परवानगी कोणी दिली, असा प्रश्न आल्यावर हेडमास्तरांनी सांगितलं, आपण दिली नव्हती. बाईंनी परस्पर सुरू केलं. ती परवानगी तोंडी होती आणि ती ऐकणारं तिसरं माणूस फक्त मी.

हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावरही कागद तयार होता, हातानं लिहिलेला. माझ्या समक्ष अशी कोणतीही परवानगी दिली गेली नाही, असा. ते माझ्याकडे बघत नव्हते. ‘तुम्ही जूनमध्ये कायम व्हायच्या आहात,’ एवढंच म्हणाले. मी म्हटलं, उद्या देते, आणि कागद घेऊन बाहेर आले.

शिक्षकांच्या खोलीत द्वारका एकटी होती. वह्या तपासत होती. माझ्या हातातला कागद तिनं पाहिला आणि वाचायला न मागता पुन्हा वहीत बघायला लागली.

‘सही कर, शालन,’ ती म्हणाली. ‘तुला सवय आहे.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी चटईवर बसले.

‘तुला माहीत होतं?’

‘पहिल्या महिन्यापासून. कॉलेजनं तात्यांना नक्कल पाठवली होती. साडीत पाय अडकला म्हणे. खाली सात सह्या.’ तिनं एक वही बाजूला ठेवली, दुसरी उघडली. ‘तुझी सगळ्यात सुबक.’

‘मग इतकी वर्षं... काहीच बोलली नाहीस?’

‘तू दर रविवारी यायचीस ना,’ ती म्हणाली. ‘मी वाट बघायचे. तू जिना चढताना मला ऐकू यायचं. दर वेळी म्हणायचे, आज सांगेल.’

पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. ‘माझी फी माफ होती’ असं काहीतरी मी म्हणाले असेन, कारण ती म्हणाल्याचं आठवतं, ‘हेच तेव्हा सांगितलं असतंस तर मी समजले असते गं.’ तेवढ्या एका वेळेला तिचा आवाज बदलला. मग घंटा झाली. ती वह्या आणि स्टूल घेऊन आठवीच्या वर्गावर गेली.

मी सही केली नाही. हे सांगायला मला अजूनही आवडतं, म्हणून पुढचंही सांगायला हवं. मी नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आजारी असल्याची चिठ्ठी पाठवली आणि आठवडाभर घरी राहिले. तेवढ्यात कमिटीची पुन्हा बैठक झाली. द्वारकानं लेखी दिलं की परवानगी होती, धोंड्यांची चूक तिची, आणि मुलींनी खेळावं असं तिचं मत आहे. परवानगीला साक्षीदार आहे का, असं विचारल्यावर ती ‘नाही’ म्हणाली. एवढं एक खोटं ती बोलली. ते माझ्यासाठी बोलली की मला साक्षीदार म्हणून तिनं मोजलंच नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला त्यातलं दुसरं खरं वाटतं.

मी परत गेले तेव्हा गणिताला नवे मास्तर आले होते. खाचराला कुंपण पडलं होतं. जूनमध्ये मी कायम झाले. हिराचा हात जुळला, थोडा वाकडा. ती मॅट्रिकपर्यंत शिकली, पण आमच्याकडे नाही, कल्याणच्या शाळेत जाऊन. रस्त्यात भेटली की हसायची आणि द्वारकाबद्दल मला कधीच विचारायची नाही. मी चरईला दोनदा गेले. दोन्ही वेळा कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, कुठेतरी खेड्यात मास्तरीण झालीय, पत्ता ठेवला नाही.

ती मला शेवटची दिसली ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी. मी नणंदेकडे पनवेलला निघाले होते, कल्याणहून एस.टी.नं. उन्हाळ्याची सकाळ. शीळफाट्याला गाडी थांबली आणि ड्रायव्हर इंजिनात पाणी घालायला डबा घेऊन उतरला. रस्त्याच्या पलीकडे एका लहान पुलाचा दगडी कठडा होता. त्यावर द्वारका बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. केस वयाआधीच पुष्कळ पिकलेले, साडी जाडीभरडी, शेजारी पिशवी. एक पाय खाली सोडलेला, एक सरळ समोर. उलट्या दिशेच्या गाडीची वाट पाहत असावी.

मी खिडकीतून हाक मारली. ‘द्वारका!’

तिनं मान वर केली. उन्हासाठी कपाळावर हात धरला आणि मला पाहिलं. ओळखलं, त्यात शंका नाही, कारण ती बराच वेळ बघत राहिली. मी उठून उभी राहिले. दाराकडे जायला चार पावलं होती. ड्रायव्हर अजून पाणी ओतत होता.

तेवढ्यात तिनं पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. दोन्ही हातांनी मांडीखाली धरून तो ताठ पाय उचलला, पण कठड्यावरून गेला नाही, टाच दगडाला अडली. पुन्हा खाली ठेवला. थोडी मागे सरकली, हात टेकून अंग तिरकं केलं, परत उचलला, कठड्याच्या पलीकडे नेला. मग दुसरा पाय घेतला. मग पदर सारखा केला. सगळं सावकाश, एकेक करून.

मग ती माझ्याकडे पाठ करून बसली, कोरड्या नाल्याकडे बघत, आणि गाडी सुटेपर्यंत हलली नाही.